वरचा उतरला का?

आमच्या गाडीची डिकी सीएनजीच्या टाकीने खाल्लेली आहे. टाकीच्या कडेला एक छत्री आणि नवऱ्याचे जुने बूट मावतात, बाकी जय श्रीराम. गाडी घेतली तेव्हा नवरा म्हणाला होता, "सामान काय, मांडीवर घेऊ." मांडीवर मावेल एवढं सामान होतं तोवर त्याचं बरोबर होतं. मग नानांनी खाटेचा विषय काढला.

नाना म्हणजे माझे वडील. नाशिक-पेठ रस्त्यावर त्यांनी उभं आयुष्य प्रवासी जीप चालवली. आई गेल्यावर मी त्यांना अंबडजवळच्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आले. येताना त्यांनी पट्ट्यांची लोखंडी खाट बरोबर आणली, कारण आमच्या पलंगावर त्यांना म्हणे बुडाल्यासारखं होतं. तेव्हा खाट टेम्पोतून आली होती. आता त्यांना परत गावाला जायचं होतं, कायमचं, आणि खाटेसकट.

"मला घाटाखाली नेऊन सोड. तिथं मला समदं ठावं हाय," ते म्हणायचे. "इथं मला जिनासुदिक सापडत नाय."

ते खरं होतं. वर्षभरात त्यांचं विसरणं वाढलं होतं. चहा पिऊन पुन्हा चहा मागणं वगैरे आम्ही हसण्यावारी न्यायचो, पण एकदा ते आमच्याच बिल्डिंगच्या गेटवर उभे राहून वॉचमनला "पेठ नाका कुठंशी आला?" असं विचारत होते. गावाकडे शेजारी माझा चुलतभाऊ राहतो, त्याची बायको दोन वेळची भाकरी द्यायला तयार होती. मी सगळ्यांना सांगायचे की गॅस चालू राहील, पाय घसरेल, रात्रीबेरात्री कोण बघणार. ही सगळी सांगायची कारणं. खरी भीती वेगळीच होती. नाना एकदा तिकडे राहायला गेले की रोज दिसणारी माणसं त्यांच्या लक्षात राहतील आणि मी पुसली जाईन, याची मला धास्ती होती. हे कुणाला सांगणार? बेचाळीस वर्षांच्या बाईने असं बोलायचं नसतं.

म्हणून मी कॅरिअरचं निमित्त पुढे केलं. खाट न्यायची तर टपावर कॅरिअर हवं, आणि कॅरिअर काही आलं मनात, बसवलं टपावर असं नसतं. मी अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. दिवसभर पत्र्याचे भाग मापते, चुकीचे असले की परत पाठवते. हा स्वभाव मी यात पुरेपूर वापरला. गाडीचं पुस्तक काढून टपाला किती वजन झेपतं ते पाहिलं, त्यातून कॅरिअरचं स्वतःचं वजन वजा करायचं असतं हेही त्यात वाचलं. तीन दुकानं पालथी घातली. नवरा म्हणाला, "घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं." त्याला मी काय करत होते ते कळलं होतं बहुतेक.

शेवटी मुंबई नाक्याजवळच्या एका दुकानात जमलं. नाना बरोबर होते. गाडी उभी केल्यावर ते उतरले आणि टपाच्या कडेवरून बोट फिरवत पुढून मागे गेले, मागून पुढे आले.

"पन्हळ कुठं गेली?" त्यांनी विचारलं.

जुन्या जीपच्या टपाला दोन्ही कडांना पावसाचं पाणी वाहून जाण्यासाठी खोलगट पन्हळ असायची. कॅरिअरचे पंजे त्या पन्हळीत अडकवायचे आणि खुशाल दहा माणसं वर चढवायची. आताच्या गाड्यांना ती नसते. दुकानदाराने हे नीट समजावून सांगितलं. नानांनी मान डोलावली आणि पुन्हा बोट फिरवायला लागले. "पन्हळ कुठं गेली?" दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी नाना शेजारी नसल्यासारखं पुढचं बोलायला लागले.

आमच्या टपावर दोन काळ्या उभ्या दांड्या होत्या आणि मला वाटायचं, यावर दोन आडव्या पट्ट्या टाकल्या की झालं. दुकानदाराने एक दांडी दोन बोटांनी हलवून दाखवली. "मॅडम, ह्या शोभेच्या आहेत, चिकटवलेल्या. यावर खाट बांधलीत तर घाटात दांड्यांसकट मागच्याच्या काचेत जाईल." खऱ्या दांड्या टपाच्या सांगाड्याला बोल्टने धरलेल्या असतात. काही गाड्यांना टपात झाकणाखाली बोल्टसाठी जागा ठेवलेली असते. आणि ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, म्हणजे आमच्यासारख्यांना, दाराच्या चौकटीत पकडणारे रबरी पायांचं कॅरिअर घ्यावं लागतं. टप पुढे निमुळतं होत जातं, त्यामुळे पुढची आडवी पट्टी मागचीपेक्षा कमी रुंदीवर बसवायची. मी टेप लावून दोनदा मापलं. जाळीची टोपली मी नाकारली, कारण खाट तिच्यात मावणार नव्हती आणि वर बांधली असती तर डोलली असती. दोन साध्या पट्ट्या घेतल्या. आणखी नखरे करायला मला जागाच उरली नाही.

बसवून झाल्यावर नाना पुढे आले आणि त्यांनी टपावर तळहाताने एक थाप मारली, एकच. मग खिडकीतून आत वाकून ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं.

हे सांगायला हवं. जीपमध्ये आत माणसं कोंबली की उरलेली टपावर बसायची. वरच्या माणसाला उतरायचं असलं तर तो टपावर एक थाप मारायचा. एक थाप म्हणजे थांब. उतरून सामान घेतलं की दोन थापा, म्हणजे चल. दोन पडल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा नानांचा नेम. लोक देवाला वरचा म्हणतात. आमच्या घरात वरचा म्हणजे टपावरचा पाशिंजर. लहानपणी कुणी म्हणालं, "वरचा बघतोय," की मला वाटायचं, देव नानांच्या जीपवर बसून पेठपर्यंत जातो आणि तिथे उतरतो.

कॅरिअर बसवल्यावर त्या रविवारी सकाळी मी नानांना गंगापूरच्या बाजूला चक्कर मारायला नेलं. गाडीने जरा वेग घेतला की वरून हुंकार यायला लागला, तोंड मिटून कुणी गुणगुणावं तसा. दुकानदार म्हणाला होता की पट्ट्यांवर वारा कापला जातो, दोरी गुंडाळली की थांबतं. मी पुढच्या पट्टीला सुतळी गुंडाळली होती. त्याने आवाज थांबला नाही, नुसता सूर खाली आला. आधी बाईचा वाटत होता, आता पुरुषाचा वाटायला लागला.

आणि मग टपावर थाप पडली.

एकच, आणि स्पष्ट. माझ्या डोक्याच्या थोडी मागे, डाव्या बाजूला.

"थांबव," नाना म्हणाले. "वरचा उतरतोय."

त्यांचा आवाज बदलला होता. घरातला बावरलेला म्हातारा नव्हता तो, माझ्या लहानपणीचा ड्रायव्हर होता. मी गाडी कडेला घेतली. पत्रा काय करतो हे मला चांगलं माहीत आहे. पातळ पत्रा कडांना आवळला आणि ऊन लागलं की डब्याचं झाकण दाबल्यावर होतं तसा आत-बाहेर होतो आणि वाजतो. मी रोज असे पत्रे नापास करते. हे मी नानांना सांगितलं. ते डाव्या आरशात बघत होते.

"दोन नाय पडल्या अजून," ते म्हणाले.

शेजारून दुचाक्या जात होत्या, द्राक्षाच्या बागांना पाणी सुटलं होतं, स्वच्छ सकाळ होती. तरी मी इंजिन बंद केलं. मी उतरले, दाराच्या उंबऱ्यावर पाय देऊन टपावर नजर टाकली. कारखान्यांच्या बाजूला गाडी उभी असते, त्यामुळे टपावर कायम धूळ. दोन पट्ट्यांच्या मधली धूळ मात्र पुसली गेली होती. माणूस मांडी घालून बसला तर जेवढी जागा लागेल, तेवढीच. वाऱ्याने होतं असं. पट्ट्यांमधून वारा घुसतो आणि तेवढी जागा साफ करतो. मी फडकं काढून सगळं टप पुसून टाकलं, म्हणजे कुठे साफ आणि कुठे मळकं हा प्रश्नच राहिला नाही. मग तळहाताने दोन थापा मारल्या.

आतून नाना समाधानाने म्हणाले, "हां. चल आता."

नवरा म्हणाला, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. मी त्याला म्हटलं, भ्यायला काय झालंय, पत्रा आहे. पण त्याच आठवड्यात मी एकटी कामावर निघाले असताना पुन्हा एक थाप पडली. नाना घरी होते. शेजारची सीट रिकामी. मी गाडी थांबवली. थांबवली हे इतकं आपोआप झालं की मागच्या रिक्षावाल्याने शिवी घातली. आणि मग मी बसून राहिले. पहिल्या शिफ्टची माणसं बाजूने जात होती, माझी वेळ टळत होती, आणि मी स्टिअरिंगवर हात ठेवून कान वर लावून बसले होते. मी कशाची वाट बघत होते ते माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. दोन थापांची. शेवटी खिडकीतून हात बाहेर काढून मीच त्या मारल्या, आणि मगच गिअर टाकला. मला स्वतःचा भयंकर राग आला.

दुकानात गेले. दुकानदाराने पंजे सैल करून जाड रबर घातलं, स्वतः चक्कर मारून आला. "मला तर काही आवाज आला नाही," म्हणाला. मग किल्ली परत देत, "तुम्ही बरोबर कोणाला नेता?"

"कोणालाच नाही," मी म्हणाले. त्याने मान हलवली, आणि रबराचे पैसेही घेतले नाहीत. मला ते आवडलं नाही.

खाट बांधायची तालीम आम्ही बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये केली. खाट उलटी टाकायची, पाय वर. नाना दोरीचा फास कसा सरकवायचा ते दाखवत होते. हात सगळं विसरलेले नव्हते. दोरी ओढता ओढता ते, अजिबात न विचारता, बोलायला लागले.

"घाटात धुकं व्हतं. दिवसाचंच, पन लाइटी लावलेल्या. वर एकच जन व्हता, नाशिकातनं बसलेला. घाटाच्या मध्यावर त्यानं थाप मारली. एक. म्या थांबवली. तिथं ना गाव ना पाडा. कोन कशाला उतरंल तिथं? म्या वाट बघितली. दोन पडंनात. आतली मानसं वरडाया लागली, चला, चला, त्यो उतरला आसंल. म्या आवाज दिला, वरचा उतरला का? कोन बोललं नाय. मंग म्या गाडी काढली."

"मग?"

"पेठंला वर बघितलं. त्याचं गठुडं तसंच. मानूस नाय."

"उतरला असेल नाना, धुक्यात दिसला नसेल."

"समदे तसंच म्हनले. दुसऱ्या दिशी म्या घाट धुंडला. चौकीत इचारलं. कोनाचं मानूस हरवल्यालं नाय. गठुडं मागाया कोन आलं नाय." त्यांनी दोरी आवळली. "आता त्यो मधूनमधून थाप मारतो. उतरायचं ऱ्हायलंय त्याचं."

चाळीस वर्षांत हे मी कधी ऐकलं नव्हतं. आईनेही कधी काढलं नव्हतं. खरं घडलं होतं की विसरण्याने रिकाम्या झालेल्या जागेत आता नवीनच काही उगवत होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. मी त्यांना विचारलं, गठुड्यात काय होतं? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कसलं गठुडं?"

श्रावण सरत आला तेव्हा माझी सगळी निमित्तं संपली. सकाळी चहा घेऊन आम्ही दोघं निघालो. खाट टपावर उलटी, चार पाय आभाळाकडे. सिग्नलला बाजूच्या दुचाकीवरच्या बाईने वर बघितलं आणि पटकन नमस्कार केला. तिला ती तिरडी वाटली हे मला समजलं, आणि मी तिच्याकडे असं पाहिलं की तिने गाडी पुढे काढली. नानांच्या मांडीवर कपड्यांची पिशवी होती. शहर मागे पडलं तसे ते खुलत गेले. मोरी आली की मोरीचं नाव घ्यायचे, वळण आलं की हात उचलून दाखवायचे. मला वाटलं, चुकले आपण, यांना इथलंच सगळं आठवतंय, इथंच राहू दे. मनातल्या मनात मी चुलतभावाच्या बायकोला काय काय सांगायचं ते जुळवायला लागले.

घाटात धुकं होतं. पावसाळ्यात असतंच. मी लाइट लावले, गाडी हळू केली. वेग कमी झाल्यावर पट्ट्यांचा हुंकार थांबायला हवा होता. तो थांबला नाही. खाटेच्या पायांतून वारा जात असेल. नाना आता वळणं दाखवत नव्हते, डाव्या आरशात बघत होते.

मध्यावर थाप पडली. एक.

मी थांबवली. नानांनी दार उघडलं, पिशवी सीटवर ठेवली आणि उतरले. टपाच्या बाजूला उभे राहिले. काचेतून मला त्यांची फक्त कंबर आणि धोतर दिसत होतं. मग त्यांचा आवाज आला, अगदी मऊ.

"या. सावकाश. पाय हितं द्या, चाकावर. हात द्या माज्या हातात."

गाडी हलली. डाव्या अंगाला किंचित कलली आणि पुन्हा सरळ झाली. नानांनी टपाला धरलं असेल, त्यांच्या वजनाने होणारच तसं. मी हे स्वतःला सांगत होते आणि दाराची कडी धरून बसले होते. बाहेर धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं. नाना कुणाला तरी म्हणाले, "लय दिस लागलं बघा. राग नका धरू."

मग मागचं दार उघडलं. नाना मागच्या सीटवर बसले. धोतर भिजलं होतं, चेहरा निवांत. आई गेल्यापासून मी त्यांना इतकं निवांत पाहिलं नव्हतं. पुढच्या सीटवरची पिशवी त्यांनी मागितली नाही. हात जोडून गुडघ्यांमध्ये धरले, जागा मिळाली म्हणून संकोचलेला माणूस बसतो तसे.

"नाना, पुढे या ना," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या, हितंच बरं हाय," ते म्हणाले. आरशात माझ्याकडे बघून हसले. "तुम्ही गाडी चांगली चालवता ताई. बायामान्सं या घाटात सहसा येत नाईत."

नानांनी मला जन्मात कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. अगं, बाय, ए भवाने, तू. रागावले तरी तू, मला तापात दवाखान्यात नेताना तू, सासरी पाठवताना रडले तेव्हाही तू. मी आरशात बघत राहिले. ते माझ्या नजरेला नजर देत होते, प्रेमाने नाही, आदराने. ज्या गोष्टीला मी इतके महिने घाबरत होते ती गावात जाऊन हळूहळू व्हायची होती. ती इथे, रस्त्यावर, माझ्या स्वतःच्या गाडीत होऊन गेली होती.

आता त्यांना गावात ठेवलं काय आणि घरी ठेवलं काय, मी त्यांची कोणी नव्हते. मग ठेवून यायचं कशासाठी? ते मला ओळखत नसले तरी मी त्यांना ओळखत होते. मी रिव्हर्स टाकला. घाटात गाडी वळवायला जागा नव्हती, धुक्यात पुढे-मागे करत कशीबशी वळवली. वर खाट करकरली.

"उलटी का फिरवली वो?" मागून प्रश्न आला.

"पुढे रस्ता बंद आहे, काका," मी म्हणाले.

काका. शब्द तोंडातून सहज गेला आणि मग माझ्या डोळ्यांना रस्ता नीट दिसेना.

"मंग आता? माजी तर कुठं वळख नाय नाशकात."

"माझ्याकडे चला. माझ्या घरी."

त्यांनी धोतर सारखं केलं आणि अंग चोरून बसले. पाहुणा म्हणून कुणाच्या घरी जाताना माणूस बसतो तसे. मग जरा पुढे वाकून, हळू आवाजात त्यांनी विचारलं, "घरी कोनाला चालंल ना पन? तुमच्या वडलांला इचारलं आसतं तर बरं झालं आसतं."

"चालेल," मी म्हणाले. "त्यांना चालेल."